ऊबखोली

४ मार्च

पोचले. बॅग अजून उघडलेली नाही, पण आधी वही काढली, कारण खोली मनापासून आवडली. वरच्या मजल्यावर आहे आणि दोन खिडक्या आहेत. एकीतून अंगण आणि फाटक दिसतं, दुसरीतून रस्त्यापलीकडचा बसथांबा. टेबल आहे, टेबलाला खण आहे आणि खणाला चक्क किल्ली आहे! आधीच्या नोकरीत तिघींत मिळून एक कपाट होतं, त्यालाही दार नव्हतं.

खाली क्रीमचा कारखाना, वर राहायची सोय. मालकीण सत्तरीच्या असाव्यात. दूधवाल्यापासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळे त्यांना आत्याबाई म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागले. चेहरा इतका गोरा आणि नितळ की वय फक्त चालण्यावरून कळतं. मला बघितल्याबरोबर हनुवटीला बोट लावून त्यांनी माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाल्या, रंग चांगला पक्का आहे गं पोरी, तुझ्यावर काम करायला मजा येईल. मी म्हटलं, आत्याबाई, मी काम करायला आलेय, करून घ्यायला नाही. त्या खूप हसल्या.

बोट मात्र गार होतं त्यांचं. बाहेर एवढं ऊन असून.

७ मार्च

काम समजलं. इथलं सगळं घर एका पदार्थावर चालतं, तो म्हणजे कोजिक अ‍ॅसिड. कॉलेजात त्याच्यावर दोन ओळी शिकलो होतो. कातडीत रंग तयार करणारं एक एन्झाइम असतं, त्याला तांब्याचा कण लागतो. कोजिक अ‍ॅसिड तो कणच पकडून ठेवतं. सुताराचा रंधा लपवून ठेवावा तसं. सुतार जागेवर, लाकूड जागेवर, काम मात्र ठप्प. म्हणून वांग फिके पडतात, मुरमांचे डाग जातात. साबणात, सीरममध्ये, क्रीममध्ये अगदी थोडं घालायचं, जास्त झालं की कातडी चुरचुरते. हवेनं आणि उजेडानं ते स्वतःच तपकिरी पडतं, म्हणून बाटल्या काळ्या. आणि लावणाऱ्यानं उन्हापासून जपायचं, नाहीतर केलेलं सगळं पाण्यात.

बाकीचे लोक ते पावडरच्या रूपात विकत घेतात. इथे ते पिकवतात. तांदूळ वाफवायचा, लाकडी ट्रेमध्ये पसरायचा, त्यावर बुरशीचं बी भुरभुरायचं आणि ट्रे ऊबखोलीत ठेवायचे. ऊबखोली म्हणजे मागची मोठी, बिनखिडकीची, दमट खोली. काही दिवसांत तांदळावर पांढरी मऊ साय चढते. ती बुरशी अ‍ॅसिड सोडते, ते आपण धुऊन घेतो आणि गाळतो.

गाळण्यावरून माझा आणि आत्याबाईंचा पहिला खटका उडाला. त्यांचं गाळणं जाड कापडाचं आहे. मी म्हटलं, बारीक गाळणी लावू, म्हणजे बुरशीचा कणही क्रीममध्ये जाणार नाही. त्या म्हणाल्या, जीवच गाळून टाकलास तर उरलं काय? ही बुरशी त्यांच्या सासूच्या सासूपासून घरात आहे म्हणे. जुन्या माणसांशी पहिल्याच आठवड्यात वाद नको, म्हणून गप्प बसले. शेवटी क्रीम गरम करताना काय जगणार आहे?

एक गंमत केली. सफरचंद कापून एका फोडीला हे पाणी लावलं, दुसरी तशीच ठेवली. साधी फोड तासाभरात तपकिरी झाली, लावलेली पांढरीशुभ्र. माल खरा आहे.

१५ मार्च

वाफेकाकांशी गट्टी जमली. तांदूळ वाफवणं आणि ट्रे उचलणं हे त्यांचं काम. माणूस तव्याच्या रंगाचा, पण दोन्ही हात कोपरापर्यंत गोरे, जणू पांढरे मोजे चढवलेत. वर्षानुवर्षं ट्रे उचलून झालं म्हणे. स्वतःवर विनोद करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. म्हणाले, बायको म्हणते, लग्न तुमच्या हातांशीच केलं होतं, बाकीचं कुठून आलं कोण जाणे. मी ट्रे धुताना हसून हसून पाणी सांडलं.

दुपारी गिऱ्हाईक बायका येतात. डबी घेतात, पण लगेच जात नाहीत. ऊबखोलीची बाहेरची भिंत कोमट असते, तिला पाठ लावून बसतात. गप्पा नाहीत, काही नाही. मला आधी वाटलं, दमल्या असतील. पण एवढ्या उकाड्यात एकीच्याही कपाळावर घाम नाही.

२ एप्रिल

आज धाकटीला डबी पाठवली.

माझी धाकटी बहीण आमच्या गावच्या टीव्ही वाहिनीवर बातम्या देते. म्हणजे आवाज देते. तिचा आवाज ऐकून माणसं हातातलं काम थांबवतात, पण पडद्यावर तिला कधी बसवलं नाही. मागून तिचा आवाज, पुढे दुसऱ्याच मुलीचं तोंड. साहेब म्हणे गोड बोलून सांगतात की तुझा चेहरा कॅमेऱ्याला झेपत नाही. ती घरी येऊन साहेबांची नक्कल करते, आई हसते, मी हसते, मग ती न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवते.

मी तिला कधीच असलं काही लाव म्हटलं नसतं. तिनेच मागितलं. म्हणाली, ताई, दिव्याखाली अंधार का गं, तुझ्या घरची गंगा आणि मी कोरडी? पाठवून दिली. आईसाठीही एक टाकली, तिच्या हातांवर वांग आहेत.

२१ एप्रिल

धाकटीनं व्हिडिओ कॉल केला. ओळखूच आली नाही क्षणभर. उजळली आहे म्हणणं कमी पडेल. साहेबांनी पुढच्या आठवड्यात पडद्यावर बसायला सांगितलंय. ती रडत होती, आई मागून डोळे पुसत होती. आईनं तिची डबी उघडलेलीसुद्धा नाही. म्हणाली, मला या वयात कुणाला दाखवायचंय?

खूप आनंदाचा दिवस.

माझ्या बोटांची टोकं पांढरी झाली आहेत. ट्रे धुते ना, म्हणून. मोबाईल आता अंगठ्यानं उघडत नाही. अंगठ्यावरच्या रेषाच दिसत नाहीत, गुळगुळीत झालंय सगळं.

ती सफरचंदाची फोड अजून कपाटात आहे. सुकली नाही, सडली नाही. दाबून पाहिली तर दबली आणि पुन्हा वर आली.

९ मे

आज सकाळी वाफेच्या पातेल्याचं झाकण काढताना वाफेकाका माझ्याशी बोलत होते आणि त्यांचा हात वाफेतच होता. बोलताहेत, हसताहेत, आणि हात उकळत्या वाफेत. मी किंचाळून त्यांना ओढलं. त्यांनी हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याचा आहे.

मनगटाजवळ कातडी सोलून लोंबत होती. मी फडकं गुंडाळायला गेले. रक्त नव्हतं. आत लाल काहीच नव्हतं. पांढरं होतं, दाणेदार, एकमेकांना चिकटलेलं. ट्रे उलटा केल्यावर जशी वडी निघते तसं.

काका म्हणाले, दुखत नाही हो बाई. मग खूप हळू म्हणाले, कधीपासून दुखत नाही तेच आठवत नाही.

आत्याबाईंनी त्यांना हाताला धरून ऊबखोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

१० मे

आम्ही आजवर ज्याला गोरेपणा म्हणत होतो ती कातडी नव्हेच.

खालच्या लॅबमधल्या मायक्रोस्कोपखाली माझ्याच बोटाचा पापुद्रा ठेवला. पेशी असायला हव्या होत्या. नुसते धागे. पांढरे, फांद्या फुटलेले, एकमेकांत विणलेले. ट्रेवरच्या सायीचा कण शेजारी ठेवला. ओळखू येईना कुठला कुठला.

मग तयार क्रीम घेतलं. गरम करून, भरून, झाकण लावलेलं. त्यातही धागे, आणि जिवंत. उजेड पडताच कडेकडेनं आक्रसत होते.

रंग जात नाही. रंगावर ते उगवतं. आणि खाली जे असतं ते खाऊन त्याच्या जागी बसतं.

धाकटी उचलत नाही फोन.

१२ मे

उचलला. मी सगळं सांगितलं, जसं समजलं तसं, रडत रडत. ती शांतपणे ऐकून म्हणाली, ताई, काल मला पहिल्यांदा रस्त्यात लोकांनी ओळखलं. म्हणाली, तुला तुझ्या अंधाऱ्या लॅबमध्ये बरं वाटतं म्हणून मीही अंधारात राहू का? मी ओरडले. ती ओरडली नाही. तिचा आवाज बसलेला वाटला, जाड गोधडीआडून बोलल्यासारखा. म्हणाली, सर्दी आहे.

वाफेकाकांची बायको डबा घेऊन आली होती. ऊबखोलीच्या दारातूनच तिनं विचारलं, घरी येणार ना? ते दाराशीच भिंतीला टेकून बसले होते, पांढरेपणा आता गळ्यापर्यंत आला होता. नुसते हसले. जरा वेळानं त्यांनी तिचं मनगट धरलं आणि सोडलं. तिनं डबा उंबऱ्यावर ठेवला आणि निघाली.

फाटकातून जाताना तिनं मनगट चोळलं. काकांनी जिथे धरलं होतं तिथे बोटांचे पांढरे ठसे होते.

१८ मे

औषध निरीक्षकाला फोन केला होता. आज आले. भला माणूस वाटला. मी सगळं दाखवलं, मायक्रोस्कोपची काचपट्टी, क्रीम, माझी बोटं. ते मान डोलवत राहिले. मग म्हणाले, ती ऊबखोली बघू.

आत गेले. मी दाराबाहेर थांबले. बराच वेळ झाला म्हणून डोकावले. त्यांनी बूट काढून ठेवले होते, शर्टाची वरची बटणं सोडली होती आणि ते हल्ली आतच येऊन बसणाऱ्या गिऱ्हाईक बायकांच्या रांगेत भिंतीला टेकून बसले होते. कॉलरच्या आत, जिथे शर्टानं झाकलं जातं तिथे, ते पांढरेफटक होते. मला म्हणाले, घरी आम्ही सगळेच लावतो.

आता सांगू कुणाला? कुंपणच शेत खातंय.

२० मे

आज संपवायचं ठरवलं होतं.

आत्याबाई दुपारच्या झोपल्या होत्या. ब्लीचिंग पावडर बादलीभर पाण्यात कालवली आणि पहिल्या रांगेतल्या ट्रेंवर ओतली. साय पिवळी पडली, खाली बसली, चरचरली. भिंतीलगतच्या सगळ्या माणसांच्या तोंडून एकाच वेळी हुंकार निघाला. आणि माझ्या खिशात फोन वाजला.

धाकटी होती. किंचाळत होती. ताई, तोंड भाजतंय, ताई काहीतरी कर, तोंड भाजतंय माझं.

बादली माझ्या हातातून पडली.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, हे सगळं एकाच बियाचं आहे पोरी. एक कोपरा जाळलास की दुसऱ्याला कळतं. त्यात तुझं माणूस नसेल तर खुशाल ओत.

मी गुडघ्यांवर बसून स्वच्छ पाण्यानं ट्रे धुतले. हातांनी. एकेक दाणा. फोन चालू होता. तिचं रडणं हळूहळू थांबलं.

२६ मे

धाकटी आली, पहाटेच्या बसनं, उजाडायच्या आत. बॅग घेऊन, कायमची आल्यासारखी.

पडद्यावरून तिला काढलं. चेहरा हवा तसा आहे, पण आवाज माइकपर्यंत पोचेना. तिला त्याचं काही नाही. मी मिठी मारली तर थंडगार, मऊ. तिच्या श्वासाला ओल्या तांदळाचा वास. विचारलं, काही खाल्लंस का. म्हणाली, भूक नसते गं. मग मी घर दाखवायच्या आधीच सरळ मागे चालत गेली. ऊबखोली कुठे आहे ते मी तिला सांगितलं नव्हतं.

मी तिच्या केसांत हात घातला. अंबाडा सोडला की लहानपणी ती मांजरासारखी अंग टाकायची. आज हलली नाही.

उद्या तिला घेऊन इस्पितळात जाणार. काही झालं तरी.

२७ मे

लिहायलाच हवं, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

तिला ओढत बसथांब्यापर्यंत नेलं. ऊन होतं. ती म्हणत होती, ताई नको, ताई नको, खूप हलक्या आवाजात, लोक बघत होते. मी दटावलं. सावली नव्हती. बस येईना.

आधी गाल कोरडा झाला. मग जुन्या भिंतीचा पोपडा सुटतो तसा सुटला आणि तिच्या ओढणीवर पडला. खाली — तेच. पांढरे दाणे. ते वाळत होते, माझ्यासमोर, मोकळे होऊन गळत होते. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, ताई, मला दिसत नाहीये.

उचलून आणलं मी तिला. वजनच नव्हतं. मीच ऊबखोलीचं दार उघडलं. मीच तिला रांगेच्या कडेला निजवलं, पाणी शिंपडलं, ओलं फडकं घातलं. वाफेकाका — जे काही आता वाफेकाका आहे ते — सरकून जागा करून देत होतं.

संध्याकाळपर्यंत गाल भरून आला. ती हसली.

आत्याबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी झटकला नाही.

दार नीट लावून घेतलं. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून.

४ जून

तांदूळ आता मी वाफवते. नाही वाफवला तर ती —

बाहेर जाऊन पाहिलं. फाटकापर्यंतच. हात फुटायला लागले.

११ जून

क्रीमच्या डब्या गाडीत चढवल्या. माझ्याच हातांनी. पाठवल्या नाहीत तर नवीन तांदूळ येणार नाही, आणि तांदूळ आला नाही तर —

डब्यांवर मागवणाऱ्या मुलींची नावं. वाचत नाही. वाचायचं नाही.

१९ जून

मान पांढरी. हनुवटीही. दुखत नाही. वाईट याचंच वाटतं की वाईट वाटत नाही. बराच वेळ बसून आठवत होते — कशाबद्दल रडायचं होतं.

धाकटी बोलत नाही आता. मी तिच्याजवळ बसले की भिंतीतून काहीतरी — तिला माझं ऐकू येतं. मला तिचं. तोंड न उघडता.

तसं नको. तसं नको मला —

२३ जून

आईचा फोन. इअरफोनच्या बटणानं कसाबसा उचलला. म्हणते, तुम्ही दोघी तिकडे रमलात, मला इथे घर खायला उठतं. येते मी.

मी म्हटलं नको. येऊ नकोस. किती वेळा म्हटलं. आई नुसती हॅलो हॅलो करत राहिली. घशातून हवा निघते, आवाज नाही. शेवटी म्हणाली, रेंज नाही वाटतं, जाऊ दे, आल्यावर बोलू.

मेसेज करायला गेले. फोनची काच माझं बोट ओळखत नाही. दाबलं, घासलं, नाकानं दाबलं — काहीच नाही.

पेन्सिल कशीबशी धरता येते.

२५ जून

बस थांबली. आई उतरली. खिडकीतून दिसतेय. उन्हात उभी राहून पदरानं घाम पुसतेय. घाम! केवढी सुंदर दिसते माझी आई. वांगासकट, सुरकुत्यांसकट, काळीसावळी —

आत्याबाई छत्री धरून फाटकाशी गेल्या आहेत. हसून बोलताहेत. वर बोट दाखवलं.

आई हे तुझ्यासाठी मोठ्या अक्षरात लिहितेय. दारात उभी राहून वही पुढे धरीन. आधी वाच.

मला हात लावू नकोस.

जवळ घेऊ नकोस. तोंडावरून हात फिरवू नकोस.

खाली जाऊ नकोस. धाकटीनं बोलावलं असं वाटलं तरी जाऊ नकोस. ती आता नाही.

आलीस तशी उन्हातून परत जा आणि सगळ्यांना सांग —

जिन्यावर पाय वाजताहेत.

आली. दारात आहे. वही धरलीय मी. बघतेय ती, डोळे बारीक करून, वही लांब धर म्हणतेय — चष्मा आई — चष्मा कुठाय तुझा — वाच ना — ती माझ्याकडेच बघतेय, म्हणतेय किती गं वाळलीस — हसतेय — हात पुढे — आई वाच आधी वा